गोऱ्योंगच्या राजसमाध्या आणि हेइन्साचा विहार: दक्षिण कोरियाच्या ग्रामीण भागात तीन दिवस कसे घालवावेत

कोरियाला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी सोल, बुसान आणि जेजू बेट पाहून परततात. ज्यांना प्राचीन काही पाहायचे असते ते ग्योंगजूला जातात. ग्योंगजू सुंदर आहेच, पण तिथे आता पर्यटकांची गर्दीही तेवढीच असते. हा लेख आणखी आतल्या भागाबद्दल आहे. देगू शहराच्या नैर्ऋत्येला गोऱ्योंग नावाचा शेतीप्रधान तालुकावजा प्रदेश आहे. तिथल्या डोंगरधारेवर देगाया राज्याच्या राजांची आणि सरदारांची सुमारे 700 थडगी आहेत. तिथून बसने तासाभराच्या आत गायासान पर्वतातला हेइन्सा हा बौद्ध विहार लागतो. तिथे 13व्या शतकात कोरलेल्या 80 हजारांहून अधिक लाकडी पाट्यांवर संपूर्ण त्रिपिटक जपून ठेवले आहे.

माझा आग्रह एकच आहे: आधी थडगी पाहा, मग विहार पाहा, आणि दोन्ही ठिकाणी एकेक रात्र राहा. देगूहून एका दिवसात दोन्ही उरकता येतात आणि सहल कंपन्या तसे करतातही. पण मग थडगी म्हणजे गवताचे उंचवटे आणि विहार म्हणजे रंगीत छपरे एवढेच हाती लागते. क्रम पाळला तर मृत्यूकडे पाहण्याची माणसाची दृष्टी काही शतकांत कशी बदलली, ते चालता चालता उमगते.

निघण्यापूर्वी: व्हिसा, वेळ, वार

भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाला व्हिसा लागतो. मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास असून अर्ज व्हिसा केंद्रामार्फत जातो. बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, नोकरीचे किंवा व्यवसायाचे पुरावे आणि दिवसवार आराखडा जोडावा लागतो. आराखड्यात ‘देगू, गोऱ्योंग, हेइन्सा’ असे स्पष्ट लिहा आणि विहारातल्या मुक्कामाची नोंदणी झाली असेल तर तिची प्रत लावा. कुठे राहणार आणि का, हे स्पष्ट असलेला अर्ज केव्हाही बरा. विमानात बसण्याआधी ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरून ठेवा.

ऋतूंपैकी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा गायासानचा सर्वांत देखणा काळ. मेपलची पाने लाल होतात आणि खोऱ्यातला ओढा त्या रंगाने भरून जातो. त्या दिवसांत शनिवार-रविवारी रस्ताही वाहनांनी भरतो, हेही लक्षात घ्या. मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा दुसरा चांगला काळ. चेरी फुललेली असते, गोऱ्योंगच्या हरितगृहांतली स्ट्रॉबेरी बाजारात असते, हवाही चालायला योग्य असते. जूनअखेर ते जुलै पावसाळा. डोंगरधारेवरची वाट निसरडी होते आणि दमटपणा आपल्या कोकणाइतकाच त्रास देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तापमान शून्याखाली जाते. थडगी बर्फात अप्रतिम दिसतात, पण पहाटेच्या प्रार्थनेला न तापवलेल्या सभागृहात बसायची तयारी हवी.

बुद्धजयंतीला कोरियात सार्वजनिक सुट्टी असते आणि विहार कागदी कंदिलांनी सजतात. मात्र तिथे ती चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी येते, त्यामुळे आपल्या वैशाख पौर्णिमेशी तारीख जुळत नाही. 2026 मध्ये आपली बुद्धपौर्णिमा 1 मे रोजी, तर कोरियातली बुद्धजयंती 24 मे रोजी. कंदील पाहायला जायचे असेल तर कोरियन तारीख पाहूनच तिकीट काढा. शरदातला छुसॉक आणि चांद्र नववर्षाचा सॉल्लाल या दोन मोठ्या सणांच्या आसपास मात्र जाऊ नका. रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत आणि गावातली खानावळ बंद असते.

आता वार. गोऱ्योंगचे देगाया संग्रहालय सोमवारी बंद असते. हेइन्सात पाट्यांच्या कोठाराच्या आत जाण्याची सोय 2021 पासून शनिवार-रविवारी, आगाऊ ऑनलाइन नोंदणी केलेल्या मोजक्या लोकांसाठी सुरू झाली. म्हणून उत्तम जुळणी अशी: शुक्रवारी गोऱ्योंग, शनिवारी हेइन्सा, रविवारी परत. या आत जाण्याच्या वेळा आणि जागा हंगामानुसार बदलतात, म्हणून तारखा ठरवण्याआधी विहाराचे संकेतस्थळ उघडून पाहा.

फोनमध्ये काय हवे

गुगल मॅप्सवर विसंबून गोऱ्योंगला जाऊ नका. कोरियात त्याचे पायी आणि गाडीचे मार्गदर्शन पुरेसे चालत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. दोन्हींत इंग्रजीची सोय आहे. तरीही खेड्यातली ठिकाणे कोरियन लिपीत शोधली की चटकन सापडतात. म्हणून संग्रहालय, बस स्थानक, मुक्काम आणि विहार यांची कोरियन नावे आधीच नोंद करून ठेवा आणि त्यांचे स्क्रीनशॉटही घ्या. टॅक्सीचालकाला तोच स्क्रीनशॉट दाखवायचा. भाषांतरासाठी पापागो हे अ‍ॅप कोरियनला चांगले आहे. फलकाचा फोटो काढला की मजकूर समजतो.

टी-मनी कार्ड विमानतळावर किंवा कुठल्याही किराणा साखळी दुकानात मिळते. ते मेट्रो आणि शहर बसला चालते आणि त्यात पैसे रोखीने भरावे लागतात. बँकेचे कार्ड जवळपास सगळीकडे चालत असले, तरी गावातली खानावळ, दानपेटी आणि बसचे तिकीट यांसाठी थोडे वॉन जवळ ठेवा. अडचण आली तर 1330 हा पर्यटक मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि इंग्रजीत बोलता येते. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी 119.

पोहोचायचे कसे

सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोंगदेगू स्थानक गाठा. दोन तासांच्या आत पोहोचता. तिथून मेट्रोची पहिली मार्गिका पकडून सॉंगदांगमोत स्थानकावर उतरा. बाहेर पडताच सॉबू हे आंतरशहर बस स्थानक आहे. गोऱ्योंग आणि हेइन्सा या दोन्ही ठिकाणच्या बस इथूनच सुटतात. देगूत बस स्थानके अनेक आहेत, त्यामुळे रेल्वेला लागून असलेल्या मोठ्या स्थानकात रांग लावून वेळ घालवू नका.

तिकीट खिडकीवर ‘गोऱ्योंग’ एवढेच म्हणा. सुमारे पाऊण तासात बस गावात पोहोचते. हेइन्साकडे जाणारी बसही गोऱ्योंगवरूनच पुढे जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी देगूला परत यावे लागत नाही. गोऱ्योंगच्या स्थानकात उतरताच भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. ग्रामीण भागात बस विरळ असतात आणि वेळा बदलत राहतात. भिंतीवरचा तक्ता इंटरनेटवरच्या माहितीपेक्षा जास्त भरवशाचा.

भाड्याची गाडी घ्यायची असेल तर भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आहे हे लक्षात ठेवा. या तीन दिवसांसाठी गाडी आवश्यक नाही. पुढे सांगितलेल्या ओकजॉनसारख्या आडबाजूच्या जागा पाहायच्या असतील तर मात्र तिचा उपयोग होतो.

पहिला दिवस: संग्रहालय आधी, डोंगर नंतर

गावाचे अधिकृत नाव आज देगाया-उप आहे. बस स्थानकापासून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संग्रहालयाच्या मागेच जूसान डोंगर उभा राहतो आणि त्याच्या धारेवर ओळीने थडगी दिसू लागतात. तिकडे लगेच धाव घेऊ नका. आत काय आहे हे कळल्याशिवाय बाहेरचा उंचवटा बोलत नाही.

थोडा इतिहास सोबत घ्या. सिल्ला, बेकजे आणि गोगुऱ्यो ही कोरियाची तीन प्राचीन राज्ये आपण ऐकतो. त्यांच्या जोडीला नाकतोंग नदीच्या खोऱ्यात गाया नावाची छोटी राज्ये होती. ती कधीच एका सम्राटाखाली आली नाहीत. लोखंड, मातीची भांडी आणि समुद्री व्यापार यांवर ती उभी होती. 5व्या आणि 6व्या शतकांत त्यांत गोऱ्योंगचे देगाया सर्वांत बलवान होते. 562 मध्ये सिल्लाच्या राजा जिनहुंगच्या सैन्याने ते जिंकले आणि गायांचा इतिहास संपला. त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास उरला नाही. त्यांच्याबद्दल जे कळते त्यातले बरेचसे या थडग्यांतून कळते. 2023 मध्ये गोऱ्योंगसह सात ठिकाणच्या गाया थडग्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मुख्य संग्रहालयात लांब मानेच्या झाकणदार सुरया आणि जाळीदार बैठकीवर ठेवलेली भांडी पाहा. तिथली राखाडी, कडक भाजलेली माती गायांची ओळख आहे. 32 क्रमांकाच्या थडग्यातल्या सोनेरी मुलाम्याच्या मुकुटाकडेही लक्ष द्या. पण खरा वेळ शेजारच्या राजसमाधी दालनासाठी ठेवा. घुमटासारख्या या इमारतीत 44 क्रमांकाच्या थडग्याचा अंतर्भाग मूळ आकारात उभा केला आहे.

हे थडगे 1977-78 मध्ये उत्खनित झाले. मधोमध दगडांनी बांधलेली राजाची मोठी खोली, बाजूला सामानाच्या खोल्या, आणि भोवती वर्तुळात तीसहून अधिक छोट्या दगडी पेट्या. त्या पेट्यांत राजाबरोबर पुरलेली माणसे होती: सेवक, रक्षक, स्त्रिया, एक लहान मुलगीसुद्धा. राजा मेल्यावर त्याच्यासाठी जिवंत माणसांना ठार करून सोबत पुरण्याची ही प्रथा कोरियनमध्ये ‘सुनजांग’ म्हणून ओळखली जाते. एकाच थडग्यात इतक्या लोकांचा बळी गेल्याचा हा कोरियातला फार मोठा पुरावा आहे. याच थडग्यात दूरच्या ओकिनावाकडच्या समुद्रातल्या शिंपल्याचा पळा सापडला. डोंगरात वसलेल्या या राज्याचे हात समुद्रापार कुठवर पोहोचले होते, ते त्यातून कळते.

दालनात मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी त्यांना समजावून सांगा, कारण पुतळे ज्या स्थितीत ठेवले आहेत ती पाहून लहान मूल घाबरू शकते. विदर्भातल्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहिलेल्या वाचकाला इथे मेलेल्या माणसासोबत वस्तू पुरण्याची कल्पना ओळखीची वाटेल. पण सोबत माणसे पुरणे ही पायरी फार पुढची आहे आणि ती समोर पाहताना छाती जड होते.

आणखी एक गोष्ट चुकवू नका. गोऱ्योंगजवळ गोआदोंग इथे 6व्या शतकातले एक भित्तिचित्र असलेले थडगे आहे. मूळ थडगे बंद आहे, पण त्याची प्रतिकृती संग्रहालयाच्या परिसरात पाहता येते. त्याच्या छतावर कमळे रंगवली आहेत. देगाया संपत आले असताना बौद्ध विचाराचे कमळ थडग्याच्या छतावर आले होते. शेजारच्या सिल्लात राजा जिजुंगने 502 मध्ये सुनजांग बंद केले आणि 527 मध्ये तिथे बौद्ध धर्माला राजमान्यता मिळाली. हे सन लक्षात ठेवून वर चढा.

धारेवरची वाट

संग्रहालयाच्या मागून पायऱ्या सुरू होतात. पहिली चढण दमवते. नंतर वाट धारेने सौम्य होते. खालच्या उतारांवर छोटी थडगी, वर मोठी, आणि माथ्याकडे सर्वांत भव्य अशी मांडणी आहे. त्यामागे उघड हेतू आहे. राजवाड्याची जागा खालच्या गावात मानली जाते. तिथून मान वर केली की पूर्वजांचे गोल माथे आकाशरेषेवर दिसायचे. जिवंत राजाचा अधिकार त्या रेषेतूनही चालत असे.

वरून खाली पाहा: भातखाचरे, पांढरी हरितगृहे, गावाची बसकी घरे, आणि मागे डोंगरांच्या रांगा. संध्याकाळी उन्हे तिरपी झाली की प्रत्येक उंचवट्याची सावली शेजारच्या उंचवट्यावर पडते आणि जमीनच श्वास घेते आहे असे वाटते. छायाचित्रासाठी आणि नुसते बसण्यासाठीही हीच वेळ. अंधार पडण्याआधी उतरता येईल इतका वेळ मात्र हाताशी ठेवा. दमत दमत, फलक वाचत, माथ्यापर्यंत जाऊन येण्यास दोन तास धरा.

थडग्यावर चढू नका, त्यावर बसूही नका. कुंपण नाही, गवत मऊ आहे, मोह होतो. पण ही माणसांची कबर आहे आणि अजून न उघडलेली थडगी त्यात पुष्कळ आहेत. पायाखालची माती हेच त्यांचे छप्पर आहे. वसाहतकाळात जपानी संशोधकांनी आणि नंतर चोरांनी बरीच उकरली. जे उरले आहे ते फार मोलाचे आहे. डबा उघडायचा असेल तर वाटेवरच्या बाकावर बसा आणि कचरा सोबत आणा. वर पाणी विकणारे कुणी नाही, बाटली भरून न्या.

मुक्कामासाठी गावात साधी हॉटेले आहेत. मी गेसिल या गावाची शिफारस करेन. गोऱ्योंगच्या दक्षिण भागातल्या या पारंपरिक हानोक घरांच्या गावात जमिनीखालून गरम केलेल्या खोलीत, गादीवर झोपता येते. गावात पारंपरिक चिकट मिठाई बनवण्यासारखे उपक्रमही असतात. नोंदणी आधी करा आणि गोऱ्योंग स्थानकातून टॅक्सीने जा. संध्याकाळी बसची वाट पाहत बसू नका.

दुसऱ्या दिवशीची सकाळ: उरूक

सकाळी बस पकडण्याआधी दीड-दोन तास उरूक संग्रहालयाला द्या. उरूक हा देगायाचा संगीतकार. राजा गासिलच्या आज्ञेवरून त्याने बारा तारांच्या गायागुम या वाद्यासाठी बारा रचना केल्या असे कोरियन इतिहासग्रंथ सांगतात. राज्य ढासळताना तो वाद्य घेऊन सिल्लाकडे गेला आणि जिंकणाऱ्यांनीच त्याचे संगीत पुढे जपले. देगायाची राजधानी गेली, लिखाण गेले. त्यांचे वाद्य आज कोरियाच्या शाळांतही शिकवतात. संग्रहालयात वाद्य बनवण्याची पद्धत पाहायला मिळते: लाकूड वर्षानुवर्षे उन्हा-पावसात ठेवायचे, मग पोखरायचे, त्यावर रेशमी तारा बसवायच्या.

वेळ आणि टॅक्सी असेल तर जांगी-री इथले प्रागैतिहासिक शिलाचित्रही पाहून घ्या. एका खडकावर समकेंद्री वर्तुळे आणि मुखवट्यांसारख्या आकृत्या कोरल्या आहेत. पाहायला दहा मिनिटे पुरतात.

हेइन्सा: चालत जाण्याचा विचार करा

दुपारच्या बसने गायासानकडे निघा. रस्ता होंगन्यूदोंग खोऱ्यातून वर चढतो. सामान थोडे असेल आणि हवा चांगली असेल तर शेवटपर्यंत बसने न जाता ‘सोरीगिल’ ही ओढ्याकाठची पायवाट घ्या. ती सुमारे 6-7 किलोमीटर आहे, तीन तासांच्या आत होते आणि बहुतेक वेळ पाण्याच्या आवाजासोबत जाते. सिल्लाच्या अखेरच्या काळातला विद्वान छे छीवॉन राजदरबार सोडून याच खोऱ्यात राहिला. जगातल्या वादांचा आवाज कानी येऊ नये म्हणून पाण्याने डोंगराला वेढून टाकले आहे, अशा अर्थाच्या त्याच्या ओळी प्रसिद्ध आहेत. ओढ्याकाठचा नोंगसानजॉंग मंडप त्याच्या स्मरणार्थ आहे. मोठी बॅग असेल तर बसच बरी.

बस थांब्यापासून विहार अजून चढावर आहे, चालत वीसेक मिनिटे. 2023 पासून जोग्ये या कोरियातल्या सर्वांत मोठ्या बौद्ध संघाच्या अनेक विहारांनी पूर्वी घेतले जाणारे प्रवेशशुल्क बंद केले आहे, त्यामुळे हेइन्सातही तिकीट नाही. गाडीचे पार्किंग वेगळे.

विहार 802 मध्ये सुनुंग आणि इजॉंग या भिक्षूंनी स्थापन केला. कोरियाच्या तीन रत्नविहारांपैकी हा धर्माचा विहार: थोंगदोसा बुद्धाचा, सोंगग्वांगसा संघाचा आणि हेइन्सा धर्माचा, कारण बुद्धवचने इथे आहेत.

आत शिरताना घाई करू नका. पहिल्या दारापासून दुसऱ्यापर्यंत सरळ वाट उंच झाडांतून जाते. तिथे एक वाळलेला भव्य बुंधा जपून ठेवला आहे. परंपरा सांगते की तो विहाराच्या स्थापनेच्या वेळचा वृक्ष आहे. पुढे चार दिक्पालांचे दार. त्याच्या जवळची ‘गुक्सादान’ ही लहानशी खोली बहुतेक लोक न पाहता ओलांडतात. तिथे जॉंगग्यॉन मोजू ही गायासानची देवी आहे. आख्यायिका असे सांगते की आकाशदेवापासून तिला दोन मुलगे झाले आणि त्यातल्या एकाने देगाया वसवले. म्हणजे कालच्या थडग्यांतल्या राजांची आद्य माता आज बौद्ध विहाराच्या अंगणात विराजमान आहे. गोऱ्योंग आणि हेइन्सा एकत्र पाहण्याचे याहून मोठे कारण मला ठाऊक नाही.

अंगणात जमिनीवर आखलेला चक्रव्यूह दिसेल. उइसांग या भिक्षूच्या 210 अक्षरांच्या कवितेच्या आकृतीवरून तो आखला आहे. लोक हात जोडून त्या वळणांतून चालतात. तुम्हीही चाला. वर मुख्य सभागृहात वैरोचन बुद्ध आहे, शेजारच्या सभागृहात 9व्या शतकातल्या दोन लाकडी वैरोचन मूर्ती.

आणि मग सर्वांत वर, चढत्या पायऱ्यांच्या शेवटी, ती कोठारे.

त्रिपिटकाचे कोठार कसे पाहावे

दोन लांब लाकडी इमारती समोरासमोर आणि त्यांच्या टोकांना दोन लहान. रंगरंगोटी नाही, नक्षी नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे धान्याचे गोदाम वाटेल. नीट पाहायचे ते खिडक्यांकडे. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. मागच्या भिंतीत नेमके उलट. हवा खालून आत येते, फळ्यांमधून फिरते आणि वरच्या बाजूने बाहेर पडते. जमिनीत माती, कोळसा, चुना आणि मीठ भरले आहे. पावसाळ्यात ती ओलावा शोषते आणि कोरड्या हवेत परत देते. 15व्या शतकातल्या या इमारतींनी विजेच्या एकाही यंत्राशिवाय लाकूड टिकवले आहे. 20व्या शतकात पाट्यांसाठी आधुनिक इमारत बांधली होती. थोड्या पाट्या नेऊन पाहिल्या आणि परत आणल्या.

पाट्यांबद्दल: 1231 मध्ये मंगोलांची आक्रमणे सुरू झाली. 1232 मध्ये आधीचे कोरलेले त्रिपिटक जळाले. कोरियावर तेव्हा राज्य करणाऱ्या गोऱ्यो राजवटीने 1236 पासून पुन्हा कोरायला घेतले आणि 1251 मध्ये काम पूर्ण केले. पाट्या 81,258, दोन्ही बाजूंना अक्षरे, एकूण अक्षरे 5 कोटींच्या पुढे. लाकूड मुख्यतः रानचेरीचे आणि रानपेअरचे. मूळचे भारतीय भाषांतले ग्रंथ चिनीत आले आणि त्या चिनी अक्षरांत ते इथे उलटे कोरले गेले, म्हणजे कागदावर सरळ उमटावेत. 1398 मध्ये पाट्या हेइन्सात आल्या. कोठाराला 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पाट्यांना 2007 मध्ये जागतिक स्मृती नोंदीचा.

1951 मध्ये, कोरियन युद्धात, गनिमी सैनिक विहाराच्या आसपास लपले असता हवाई दलाला इथे बाँब टाकण्याचा आदेश आला. वैमानिकांच्या तुकडीचे प्रमुख किम यंगह्वान यांनी तो पाळला नाही. त्यांचे स्मारक विहाराच्या परिसरात आहे. वर जाताना तिथे क्षणभर थांबा.

आतल्या फेरीची नोंदणी मिळाली नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. लाकडी गजांतून पाट्यांच्या रांगा बाहेरूनही दिसतात. छायाचित्राबद्दलच्या फलकाचे पालन करा. तिथे उदबत्ती, लायटर, आग यांबद्दल जी कडक दक्षता आहे तिचे कारण सांगायला नको.

मुक्काम विहारात

विहारवासाची योजना कोरियात 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या काळात सुरू झाली आणि आज देशभरातले विहार ती चालवतात. नोंदणी ‘टेम्पलस्टे’ या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीत होते. दोन प्रकार असतात: विश्रांतीचा, ज्यात प्रार्थना आणि जेवण सोडून बहुतेक वेळ तुमचा, आणि अनुभवाचा, ज्यात ध्यान, 108 नमस्कार, भिक्षूंसोबत चहा असे कार्यक्रम असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने अनुभवाचा घ्यावा. गुडघे दुखत असतील तर विश्रांतीचा.

सैलसर कपडे विहाराकडून मिळतात. टॉवेल, दात घासण्याचे सामान, मोजे आणि हलकी शाल आपली न्या. स्त्री-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या, गादी जमिनीवर. रात्री नऊच्या सुमारास दिवे बंद, पहाटे चारच्या आधी उठणे. विहाराचे नियम असे:

- सभागृहात मधल्या दाराने शिरू नका, ते भिक्षूंसाठी असते. बाजूच्या दाराने जा, चपला बाहेर नीट ओळीने ठेवा.
- भेटताना हात जोडून किंचित वाकायचे. आपला नमस्कार इथे जसाच्या तसा चालतो.
- बुद्धमूर्तीसमोर पाय पसरून बसू नका, मूर्तीचा फोटो काढू नका.
- ताटात घेतलेले अन्न संपवा. हा नियम खरोखर पाळला जातो.

सायंकाळच्या प्रार्थनेआधी अंगणात येऊन उभे राहा. भिक्षू एकामागून एक मोठा ढोल, घंटा, लाकडी मासा आणि धातूची ढगाच्या आकाराची थाळी वाजवतात. परंपरेनुसार ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, मासा पाण्यातल्यांसाठी, थाळी पक्ष्यांसाठी, घंटा नरकात यातना भोगणाऱ्यांसाठी. कार्ले-अजिंठ्याच्या रिकाम्या विहारांत ज्याची आपण कल्पना करतो ते जिवंत संघजीवन इथे आपल्यासमोर चाललेले असते. माझ्या मते या प्रवासातला सर्वांत मोठा ठेवा हाच.

जेवणाचे

शाकाहारी मराठी माणसाला कोरियात खरी अडचण विहाराबाहेर येते. किमचीत बहुधा माशाचा किंवा झिंग्यांचा सॉस असतो. साधे दिसणारे सूप सुक्या माशांच्या पाण्यात शिजते. बिबिम्बाप मागवताना ‘कोगी, ग्येरान प्पे जुसेयो’ म्हणा: मांस आणि अंडे नको. माशाचा सॉस टाळण्यासाठी पापागोवर वाक्य तयार करून ठेवा आणि दाखवा. बोलण्यापेक्षा लिहिलेले नीट समजते.

हेइन्साखालच्या खानावळींत रानभाज्यांचे जेवण मिळते: उकडलेली, तिळाच्या तेलात कालवलेली पाले, मुळे, आळंबी. चव उत्तम असते, तरी ही ठिकाणे शुद्ध शाकाहारी नाहीत, विचारून घ्या. विहाराच्या आत मात्र निश्चिंत राहा. मांस-मासे नाहीतच, शिवाय लसूण, कांद्याची पात आणि त्या कुळातल्या भाज्याही वर्ज्य. वर्ज्य पाच पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगाचेही नाव येते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातल्या माणसाला हे अन्न आपलेसे वाटेल. भात सगळीकडे कोरा आणि भरपूर मिळतो, म्हणून मेतकूट आणि एखादी कोरडी चटणी बॅगेत ठेवा. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ देशात नेण्यास बंदी आहे.

तिसरा दिवस आणि परतीचे

पहाटेची प्रार्थना आणि न्याहारी झाल्यावर दोन पर्याय आहेत. पाय चांगले असतील तर गायासानच्या सांगवांगबोंग शिखराकडे, सुमारे 1,430 मीटर. जाऊन येण्यास सहा तास धरा आणि पहिल्या टप्प्यापासूनच बूट घाला. नसतील तर आसपासच्या लहान कुट्यांपैकी होंगजेआम पाहा. जपानी आक्रमणाच्या काळात भिक्षूसैन्याचे नेतृत्व करणारे साम्योंग इथे 1610 मध्ये वारले. दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे आणि गर्दी जवळपास नसते.

गाडी असेल तर परतताना हापछॉन तालुक्यातली ओकजॉन थडगी जोडता येतात. तीही जागतिक वारशातली. ड्रॅगनच्या नक्षीच्या मुठी असलेल्या तलवारी आणि रोमन काचेचा पेला इथे सापडला, आणि शेजारी संग्रहालयही आहे. गाडी नसेल तर हा वळसा घेऊ नका. टॅक्सी आणि वेळ दोन्ही खूप जातात.

देगूच्या बस हेइन्साच्या गावातल्या स्थानकातून सुटतात. शरदातल्या रविवारी दुपारी बस गर्दीत अडकते, म्हणून त्या दिवशी सकाळचीच बस धरा आणि सोलच्या रेल्वेचे तिकीट संध्याकाळचे काढा. दोन्हींच्या मध्ये किमान तीन तास राहू द्या. देगूला लवकर पोहोचलात तर सॉबू स्थानकाजवळून मेट्रोने शहरात जाऊन जेवता येते, आणि दोंगदेगू स्थानकात सामान ठेवायला लॉकर आहेत.